बाईच्या हातात राहील असं काहीतरी काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागं एचआयव्हीच्या नव्या इंजेक्शनची बातमी आली होती, वर्षातनं दोनदा घ्यायचं आणि लागण होत नाही म्हणे, ती वाचली. बातमी चांगलीच आहे, त्यात वाद नाही. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या दोन हजारांवर तरुण मुलींना आणि बायकांना ते लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन दिलं आणि २०२४ मध्ये निकाल आला की त्यातल्या एकीलाही लागण झाली नाही, म्हणजे कामगिरी मोठीच आहे. पण बातमीच्या शेवटी महिलांच्या संरक्षणाचा प्रश्न आता सुटल्यात जमा आहे अशा अर्थाचं काहीतरी होतं आणि तिथंच मी अडकले, कारण ते इंजेक्शन फक्त एचआयव्हीचं आहे. गनोरिया, क्लॅमिडिया, गरमी म्हणजे सिफिलिस, ट्रायकोमोनास, नागीण जी खाली होते ती, यातल्या एकालाही ते अडवत नाही. आणि ज्या बायका माझ्यापुढं येऊन उभ्या राहतात त्यांचं दुखणं बहुतेक वेळा यातलंच असतं. म्हणून बाईला स्वतःच लावता येईल आणि असे आजार अडवेल अशा जेलबद्दल हे पत्र.

विट्यात माझं मेडिकल आहे, बरीच वर्षं झाली. काउंटरला बाई असली की बायका बोलतात हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. पण लगेच नाही बोलत, ताकाला जाऊन भांडं लपवायची जी तऱ्हा असते तीच. आधी ग्राइप वॉटर मागणार, मग डोकेदुखीची गोळी, मग उगाच साबणाची किंमत विचारणार, दुकानातला शेवटचा पुरुष पायरी उतरून गेला की मग पुढं वाकून हळू आवाजात, ताई, अंगावरनं जातंय ओ, त्यावरचं काय हाय का. कुणी धुपणी म्हणतं, कुणी पांढरं म्हणतं, कुणी नुसतंच खाली खाज सुटलीय म्हणतं. मी विचारते, वास येतो का, रंग कसला, ओटीपोटात दुखतं का, मालकांना काही त्रास आहे का. शेवटच्या प्रश्नाला नव्वद टक्के बायका मान खाली घालतात. (हा आकडा माझ्या मनाचा आहे, कुणी संशोधन म्हणून लिहून घेऊ नका.)

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय. आमच्या खानापूर, आटपाडी, कडेगाव भागातले लोक सोनंचांदी गाळायच्या कामाला, म्हणजे गलाईला, पार केरळ-तमिळनाडूपासून पंजाब-बंगालपर्यंत गेलेत हे तुम्हाला माहितीच आहे. काहींनी बायकापोरं तिकडं नेलीत, काहींची घरं अजून इथंच, मालक यात्रेला आणि दिवाळीला येतात. तर अशीच एक तिशीतली बाई आली, रुमालाच्या गाठीतनं एक रिकामी स्ट्रिप काढली, कात्रीनं कापलेली, आणि ज्या कागदी पाकिटात ती गुंडाळलेली होती त्यावर तमिळ अक्षरं. म्हणाली, हे आमच्या मालकांच्या बॅगेत गावलं, त्यांना बरं वाटलं याच्यानं, मलाबी तसाच त्रास हाय, हीच द्या. मी स्ट्रिप वाचली. अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम, आणि त्याच पाकिटात सेफिक्झिमचा रिकामा तुकडा. आता ज्याला औषधातलं कळतं त्याला ही जोडी कशाला देतात हे सांगायला नको, गनोरिया-क्लॅमिडियाला. नवऱ्यानं तिकडं गुपचूप उपचार घेतला, बरा झाला, इकडं आला, आणि जे द्यायचं ते देऊन परत गेला. बाईला त्रास कशाचा आहे हे तिला माहीत नाही, आणि मी ते तोंडावर सांगायचं कसं? मी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, तिथं या आजारांच्या औषधांचं राखाडी किट मिळतं, फुकट, एकाच वेळी घ्यायच्या गोळ्या असतात आणि नवऱ्यालाही द्यायच्या असतात. गोम तिथंच आहे. नवरा हजार किलोमीटरवर. तो पुढच्या यात्रेला येणार, तोवर ही बरी होणार, आणि तो आला की परत पहिले पाढे पंचावन्न.

सगळे गलाईवाले असे असतात असं माझं म्हणणं मुळीच नाही, माझ्या माहेरची निम्मी माणसं त्याच धंद्यात आहेत, उगाच कुणी अंगावर येऊ नका. हेच मुंबईला माथाडीत गेलेल्या पाटण-जावळीकडच्या लोकांचं असेल, हायवेवरच्या ड्रायव्हरचं असेल, आणि कुठंही न गेलेल्या गावातल्याच माणसाचंही असेल. मुद्दा असा की लागण आणतो एकजण आणि भोगते दुसरी, तेही तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शरीराची रचनाच अशी आहे की संबंधातनं बाईला लागण व्हायची शक्यता जास्त, आतली नाजूक त्वचा मोठी, वीर्य आत बराच वेळ राहतं, आणि क्लॅमिडियासारख्या आजारात बहुतेक बायकांना काही जाणवतच नाही. आतल्या आत तो गर्भनळ्यांपर्यंत जातो, नळ्या चिकटतात, मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच राहतो आणि जिवावर बेततं. मग सासू म्हणणार हिच्यातच दोष आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायको या चारांच्या मिळून जगात ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी. दिवसाला दहा लाखांच्या वर. आणि हे चारही बरे होणारे आजार आहेत बरं का.

आता तुम्ही म्हणाल निरोध आहे की. आहे, आणि आजच्या घडीला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, हे मी स्वतः विकते म्हणून नाही तर खरंच सांगते. पण निरोध घालायचा कुणी? नवऱ्यानं. आपल्याकडं दोन पोरं झाली की बाईचं ऑपरेशन होतं, महाराष्ट्रात लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास बायकांचं झालेलं आहे. त्यानंतर निरोध मागायला कारणच उरत नाही. ऑपरेशनच्या आधी निदान पोर नको हे निमित्त तरी सांगता येतं. नंतर बाईनं निरोधाचं नाव काढलं की दोनच अर्थ निघतात, एक तर तू माझ्यावर संशय घेतेस, नाहीतर तुझंच काहीतरी आहे. दोन्हीत मार खायची वेळ तिच्यावर. बायकांसाठीचा निरोध निघाला होता, तोही ठेवून बघितला आहे मी, किंमत जास्त, दिसायला बोजड, आणि पुरुषाला कळल्याशिवाय राहत नाही, मग फायदा काय.

म्हणून ही जेलची कल्पना मला पहिल्यापासून पटते. ट्यूबमधलं मलम असतं तसं, किंवा आत विरघळणारी गोळी, बाईनं स्वतः आधी लावायची, त्यात असं औषध की जंतू आत शिरायच्या आधीच अडवला जाईल. शास्त्रज्ञ तीस-पस्तीस वर्षं याच्या मागं आहेत, पेपरात मात्र कधी येत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

सुरुवात फार वाईट झाली. गर्भ राहू नये म्हणून वापरायचं नॉनॉक्सिनॉल-९ नावाचं एक रसायन होतं, प्रयोगशाळेतल्या नळीत एचआयव्हीला मारायचं, तेव्हा लोकांना वाटलं झालं काम. आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या बायकांवर चाचणी झाली आणि २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत निकाल आला तो उलटाच, जेल लावणाऱ्यांना लागण जास्त. कारण ते साबणाच्या जातीचं रसायन, विषाणूचं कवच फोडतं तसं आतल्या त्वचेचा थरही खरवडतं, आणि दिवसातनं अनेकदा वापरलं की विषाणूला वाट मोकळी. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आजही बायका डेटॉलचं पाणी, तुरटीचं पाणी, लिंबू, कसले कसले इंटिमेट वॉश आत घालून धुतात आणि त्याला स्वच्छता म्हणतात. अगं बायांनो, आत धुवायचं नसतं. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते आम्ल तयार करतात, त्या आंबटपणातच निम्मे वाईट जंतू तग धरत नाहीत. विरजण बिघडलं की दह्याचं जे होतं तेच धुऊन धुऊन आतलं होतं.

मग दुसरी पिढी आली. कापसाच्या तंतूपासनं बनवलेलं सेल्युलोज सल्फेट, त्याची चाचणी आफ्रिकेबरोबर आपल्याकडं चेन्नई आणि बागलकोटला पण चालली होती. बागलकोट म्हणजे काय लांब आहे, जतच्या पुढं सीमा ओलांडून विजापूर आणि मग बागलकोट, आपल्या भागातल्या किती मुली तिकडं दिल्यात. ती चाचणी जानेवारी २००७ ला मधेच थांबवली, जेलवाल्या गटात लागण जास्त दिसायला लागली म्हणून. पुढं सगळे आकडे मोजल्यावर तो फरक ठाम म्हणावा इतका नव्हता पण संरक्षण मिळत नव्हतं हे नक्की. नंतर आइस्क्रीम घट्ट करायला जो समुद्री शेवाळाचा अर्क वापरतात त्याचं कॅराग्वार्ड आलं, दक्षिण आफ्रिकेत सहा हजारांवर बायकांनी वापरलं, २००८ चा निकाल, अपाय नाही आणि उपायही नाही. प्रो २००० नावाचं आलं, नऊ हजारांवर बायका, २००९ च्या डिसेंबरात तेच. इतक्या बायकांनी तपासण्या करून घेतल्या, रक्त दिलं, महिनोन्महिने जेल लावलं, आणि हाती धुपाटणं. तरी मी म्हणते ते वाया गेलं नाही, कारण प्रत्येक वेळी काय चालत नाही ते कळलं.

आणि मग २०१० च्या जुलैत व्हिएन्नाच्या एड्स परिषदेत कॅप्रिसा नावाच्या चाचणीचा निकाल आला. दक्षिण आफ्रिकेतले कुरेशा आणि सलीम अब्दुल करीम हे दोघं नवरा-बायको संशोधक, त्यांच्या टीमनं डर्बन आणि शेजारच्या ग्रामीण भागातल्या ८८९ बायकांना टेनोफोविरचं एक टक्क्याचं जेल दिलं. टेनोफोविर म्हणजे एचआयव्हीच्या पेशंटना एआरटी सेंटरवर, म्हणजे त्यांच्या सरकारी उपचार केंद्रावर, मिळणाऱ्या गोळ्यांतलंच औषध. संबंधाच्या आधी बारा तासांत एकदा आणि नंतर बारा तासांत एकदा, चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त नाही. लागण ३९ टक्क्यांनी कमी, ज्यांनी नेमानं लावलं त्यांच्यात ५४ टक्क्यांनी. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात भारी गोष्ट, नागीण म्हणजे जननेंद्रियाचा हर्पीस, तो ५१ टक्क्यांनी कमी. एका ट्यूबमधे दोन आजारांना लगाम! मी तेव्हा कुठल्याशा औषधाच्या मासिकात वाचलं आणि आमच्या दुकानातल्या पोराला म्हटलं, बघ, पाच वर्षांत हे आपल्या फळीवर येणार.

आलं नाही. व्हॉइस नावाची मोठी चाचणी झाली, पाच हजारांवर बायका, त्यात जेल रोज लावायचं होतं, तो जेलचा गट २०११ ला थांबवावा लागला, परिणाम शून्य. बायका म्हणत होत्या आम्ही लावतो, पण रक्त तपासलं तर जेलवाल्यांच्या फक्त पाव नमुन्यांत औषध सापडलं. नंतर फॅक्ट्स नावाची दक्षिण आफ्रिकेतली चाचणी, दोन हजारांवर तरुण मुली, बहुतेक आईवडलांच्या घरात राहणाऱ्या, २०१५ ला निकाल, परिणाम नाही. आणि मग सगळीकडं एकच सूर, बायका वापरत नाहीत, जेलमधे काय अर्थ नाही.

मला याचा खरंच राग येतो. बायका वापरत नाहीत म्हणे! पण का वापरत नाहीत ते तरी बघा. एचआयव्हीच्या औषधाची ट्यूब घरात सापडली तर लोक म्हणणार हिलाच रोग आहे. रोज लावायचं, नवरा घरी असो नसो, म्हणजे सहा महिने नवरा कोइंबतूरला आणि बाई रोज रात्री ट्यूब काढून बसलीय. कोण करेल? आणि जेल लावायला एकांत लागतो. आमच्याकडं दोन खोल्यांत सहा माणसं झोपतात, मोरीला दाराऐवजी पडदा, संडास घराबाहेर. आईबरोबर राहणाऱ्या वीस वर्षांच्या पोरीनं ते कुठं लपवायचं? हे प्रश्न ट्यूब बनवायच्या आधी विचारायचे असतात.

शिवाय सगळा दोष बायकांवर टाकून झाल्यावर २०१७ ला सायन्स मासिकात एक गोष्ट बाहेर आली जी कुणी फारशी सांगत नाही. त्याच कॅप्रिसाच्या बायकांचे जुने नमुने परत तपासले, तर ज्यांच्या आत ते चांगले लॅक्टोबॅसिलस भरपूर होते त्यांच्यात जेलनं ६१ टक्के काम केलं, आणि ज्यांच्या आत दुसरेच जंतू माजले होते त्यांच्यात फक्त १८ टक्के. गार्डनरेला नावाचा जंतू टेनोफोविर चक्क खाऊन टाकतो, पेशीत शिरायच्या आधीच. म्हणजे बाईनं इमानेइतबारे लावलं तरी औषध आत टिकत नाही. आणि गार्डनरेला म्हणजे कोण? तोच, मासळीसारख्या वासाच्या धुपणीत जो माजलेला असतो. म्हणजे ज्या तक्रारीला आपण बायकांचं नेहमीचंच आहे म्हणून सोडून देतो तीच या सगळ्याच्या मुळाशी बसलीय. आधी धुपणीवर उपाय करा, मग जेल द्या, एवढं साधं सूत्र यातनं निघतं.

एचआयव्ही सोडून बाकीच्या आजारांसाठीही एकानं प्रयत्न केला. अमेरिकेत फेक्सी नावाचं एक आंबट जेल आहे, लॅक्टिक आम्ल आणि सायट्रिक आम्ल वगैरे घातलेलं, वीर्य अल्कधर्मी असतं त्यानं आतला आंबटपणा मोडतो तो मोडू नये म्हणून. गर्भनिरोधक म्हणून त्याला २०२० ला मान्यता मिळाली. आधीच्या चाचणीत क्लॅमिडिया निम्म्यानं कमी झालेला आणि गनोरिया त्याहून जास्त कमी झालेला दिसला होता, सगळे खूश. मग मोठी चाचणी केली, २०२२ ला निकाल आला, फरक नाही. त्यानंतर कंपनीचा उत्साह गेला, आणि कंपन्यांचं कसं असतं, फायदा दिसत नसेल तर बायकांचा आजार कुणाला सुचत नाही. सिलिकॉनची एक रिंग आहे डॅपिविरिनची, महिनाभर आत ठेवायची, २०१६ ला दोन चाचण्यांत साधारण तीस टक्के संरक्षण दिसलं, २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. ती बरी, लपते, रोज आठवण ठेवायला लागत नाही. पण तीही एचआयव्हीपुरतीच, आणि माझ्या फळीवर काही ती आलेली नाही.

आता आपल्या घरचं बघू. पुण्यात भोसरीला १९९२ पासून एड्स संशोधन संस्था आहे, आपण नारी म्हणून ओळखायचो ती. टेनोफोविर जेल सुरक्षित आहे का हे आधी ज्या दोनशे बायकांवर बघितलं त्यात अमेरिकेबरोबर पुण्याच्या बायका होत्या. डॉ. जी. पी. तलवारांनी कडुनिंबाचा अर्क घालून प्रनीम नावाची आत ठेवायची गोळी काढली, तिची पहिल्या टप्प्याची चाचणी पण पुण्यातच झाली. २००८ ला जगातली मायक्रोबिसाइडची, म्हणजे अशा जंतू अडवणाऱ्या जेल-गोळ्यांची, परिषद दिल्लीला भरली होती. म्हणजे आपण या रस्त्यावर होतो, चांगले पुढं होतो. मग गाडी कुठं थांबली? प्रनीम माझ्या काउंटरपर्यंत काही पोचली नाही. आता तर २०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या त्यांच्या संस्थेचा, पैसा बंद केल्यावर आफ्रिकेतलीही अशी बरीच कामं अडकलीत. दुसऱ्याच्या ओसरीवर भाकरी भाजायची वेळ आपल्यावर कशाला यावी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस पुण्याच्या सिरमनं काढलीच की, २०२३ च्या जानेवारीत आली. एड्सच्या औषधांत अख्ख्या जगाला स्वस्त गोळ्या आपण पुरवतो. एक जेल जमू नये?

आणि कसं हवं ते आम्हाला विचारा ना. मी माझ्यापुरतं सांगते. एकेकाचं सुटं पाकीट हवं, पंचवीस ट्यूबांचा खोका नको, कारण बाईकडं एकावेळी वीस-तीस रुपयेच सुटे असतात आणि खोका लपवता येत नाही. वर बाईचा फोटो, गुलाब, हृदय असलं काही नको, मलमाच्या ट्यूबसारखं साधं दिसू दे. वास नको, चिकट नको, ओघळ नको, साडीला डाग पडला की झालं, प्रश्न सुरू. आफ्रिकेत जेल प्लॅस्टिकच्या भरलेल्या पिचकारीतनं दिलं, ती वापरून झाल्यावर टाकायची कुठं? घंटागाडीत शेजारीण बघते, उकिरड्यावर पोरं खेळतात. त्यापेक्षा विरघळणारी चपटी गोळी काढा, बोटानं ठेवता येते, मागं काही राहत नाही. एप्रिल-मेत आटपाडीला चाळीसच्या वर तापमान जातं तेव्हा फ्रिजशिवाय टिकली पाहिजे. पोर हवं असलेलीला चालेल असं एक आणि नको असलेलीला दुसरं, दोन वेगळी काढा, कारण नव्यानं लग्न झालेलीला गर्भ रोखणारं जेल दिलं तर ती दुसऱ्या महिन्यात फेकून देणार, तिच्यावर वर्षात पाळणा हलवायचा दबाव असतो. जनऔषधी दुकानात पॅड एक रुपयाला मिळतं, तशी काहीतरी किंमत. आणि मुख्य म्हणजे त्यावर एड्स हा शब्द ठळक छापू नका, बायकांच्या आरोग्यासाठी म्हणा, धुपणी-खाजेपासनं बचाव म्हणा, मग सासूसुद्धा आणून देईल.

कुणीतरी म्हणणारच की अशानं बायका मोकाट सुटतील. हे निरोध आला तेव्हा म्हणाले, गोळ्या आल्या तेव्हा म्हणाले, मुलींना एचपीव्हीची, म्हणजे तीच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, लस द्यायची म्हटलं तेव्हाही म्हणाले. ज्या बाईची गोष्ट मी वर सांगितली ती सुटली होती का कुठं? ती घरात बसून म्हैस सांभाळत होती. आणि दुसरं एक म्हणणं, पुरुषांची जबाबदारी बायकांवर ढकलताय. हे म्हणणं मला अर्धं पटतं. पुरुषानं निरोध वापरावा, तपासणी करावी, दुखलं-खुपलं तर बायकोला सांगावं, सगळं खरं. पण तो सुधारेपर्यंत बाईनं काय करायचं?

विचारायचं कुणाला हा प्रश्न असेल तर सांगलीत उत्तर आहे. गोकुळनगरच्या देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर संग्राम संस्थेनं १९९२ पासून काम केलं, त्याच बायकांनी पुढं वॅम्प ही स्वतःची संघटना उभी केली, निरोध वाटायचं काम त्यांनी स्वतः हातात घेतलं, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं कसं हे त्या जितकं जाणतात तितकं कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. माझं तर मत आहे की या बाबतीत त्या आमच्यासारख्या लग्नाच्या बायकांपेक्षा जास्त सुरक्षित आहेत, कारण त्यांना निदान बोलता येतं, एकमेकींचा आधार आहे. नवीन जेलची चाचणी करायची झाली तर एका बाजूला त्या बसू देत, एका बाजूला आशाताई, एका बाजूला गलाईवाल्यांच्या घरच्या बायका, आणि औषध कसं असावं हे तिथं ठरू दे. चाचणीत भाग घेणाऱ्या बाईला मराठीत नीट समजावून सांगा, काही बिघडलं तर उपचार कोण करणार ते लिहून द्या, आणि औषध चाललं तर त्याच गावात ते आधी मिळेल अशी अट घाला.

तोवर जे आहे ते तरी वापरा बायांनो. धुपणीला वास असेल, हिरवट-पिवळं जात असेल, संबंधावेळी दुखत असेल, ओटीपोटात कळ येत असेल तर मेडिकलमधनं कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी नेऊ नका, माझ्याकडनं सुद्धा नको. सरकारी दवाखान्यात, सिव्हिलला गुप्तरोगाचं सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध फुकट. १०९७ नंबरला फोन करून नाव न सांगता विचारता येतं. दुकानात आत्ता जी जेलं मिळतात ती ओलाव्यासाठी असतात, त्यानं कुठलाही रोग अडत नाही, बुरशीच्या गोळीनं बुरशीच जाते, बाकी काही नाही. नवऱ्याला उपचार झाल्याशिवाय तुमचा उपचार पुरा होत नाही हे कसंही करून त्याच्या कानावर घाला, स्वतःला सांगता येत नसेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, पुरुष डॉक्टरचं ऐकतात.

पत्र लांबलं, कापायचं तर आफ्रिकेचं थोडं कापा, पण ते किंमत, पाकीट आणि पिचकारीचं राहू द्या, कुणीतरी पुण्यात वाचेल. आणि नाव छापू नका, गावापर्यंत ठीक आहे. माझी भीती नाही, पण नाव वाचलं की ज्या बायका माझ्याकडं येतात त्यांना वाटेल आपलंच पेपरात आलं, आणि मग त्या काउंटरवर साबणाची किंमत विचारून तशाच परत जातील.

आपली,
एक मेडिकलवाली, विटा, जि. सांगली